‘जेवणाला पाच, सर्व्हिसला दोन’ या रिव्ह्यूला प्रभात रोडवरच्या आमच्या रेस्टॉरंटचं उत्तर

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू किचनमध्येही वाचून दाखवला आणि बाहेर वाढणाऱ्या मुलांनाही. किचनवाल्या बायका खूश, बाहेरची मुलं गप्प. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आखाडातल्या शेवटच्या रविवारी तुम्ही सहाजण आमच्याकडे आलात. मटण, पांढरा रस्सा आणि आंबेमोहोर भात आवडला. तक्रारी अशा: साडेआठचं बुकिंग असून टेबल सव्वानऊला मिळालं. भाकऱ्या एकेक करून आल्या. सुरमई मागितली तर वेटर ‘नाही’ म्हणाला आणि निघून गेला. मुलाकडे वयाचा पुरावा मागितला. सासूबाई जेवत असतानाच शेजारची ताटं उचलली. वर बिलात ‘न मिळालेल्या सेवेचे पाच टक्के’ लावले. आणि मध्येच कुठेतरी एक वाक्य: मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, रस्स्यात आहेत का विचारलं तर वेटर नाही म्हणाला, पण त्याला तरी माहीत होतं का कोण जाणे.

तुम्ही टेबलासाठी सात ओळी खर्च केल्यात आणि शेंगदाण्यासाठी एक. मी उलट्या क्रमाने जाते.

रस्स्यात शेंगदाणे नव्हते. आमचा पांढरा रस्सा नारळाचं दूध, खसखस, तीळ आणि काजूवर होतो, तांबड्यातही कूट नसतं. म्हणजे त्या वेटरचं उत्तर बरोबर निघालं. पण तुमचा प्रश्न खरं तर रस्स्यापुरता नव्हता, अख्ख्या ताटाचा होता, आणि आमच्या ताटात डावीकडे, कोणी न मागता, ठेचा वाढलेला असतो. हिरवी मिरची, लसूण, मीठ आणि भाजलेले शेंगदाणे. खलबत्त्यात कुटल्यावर मिरचीच्या हिरव्या रंगात दाणा पटकन ओळखू येत नाही. ठेचा इतका जहाल होता की मुलीने वासावरूनच ताटाबाहेर काढला, असं तुम्हीच पुढे लिहिलंय. तिखटाची तक्रार वाचून मालकिणीला हायसं वाटावं असा प्रसंग क्वचितच येतो.

केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या रेस्टॉरंटना मेनूवर ॲलर्जीचे घटक दाखवावे लागतात, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. आमची शाखा एकच, परवाना राज्याचा, त्यामुळे आमच्यावर ते बंधन नाही. तरी आता शेंगदाणा, तीळ, काजू आणि दूध असलेल्या प्रत्येक पदार्थापुढे तसं छापलं आहे. कोणी ॲलर्जी सांगितली की केओटीवर, म्हणजे किचनमध्ये जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, सगळ्यात वर लाल अक्षरात लिहायचं आणि त्या ताटात ठेचा, चटणी काही आपणहून वाढायचं नाही. माहीत नसेल तर ‘विचारून सांगतो’ म्हणून आत जायचं. ‘नसावं बहुतेक’ हे उत्तर आमच्याकडे बंद. आणि एक स्पष्ट सांगते: खलबत्ता, पळ्या, तवे सगळ्यांना तेच असतात. ॲलर्जी तीव्र असेल तर कणभरही लागणार नाही अशी हमी मी देणार नाही. बाहेर जेवायला जाताना कुठेही हे आधी विचाराच.

ताटं उचलण्याबद्दल तुमच्याशी वाद नाही. पंगतीत शेवटचा माणूस हात धुवायला उठेपर्यंत ताट हलत नाही, आणि तुमच्याकडे तर घरातलं सगळ्यात मोठं माणूस जेवत होतं. दारात माणसं ताटकळत होती, मुलांना घाई झाली. घाईची झळ सासूबाईंना लागायला नको होती. त्यांना माझा नमस्कार सांगा.

भाकरीचं मात्र ऐका. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून, परातीत थापून, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि मग निखाऱ्यावर फुगवायची. पापुद्रा सुटलेली भाकरी ताटात पडल्यापासून पाच-सात मिनिटं तिचं राज्य असतं, पुढे ती वातड होत जाते. आमच्याकडे चुली दोन आणि थापणाऱ्या दोघी. सहा जणांना सहा भाकऱ्या एकदम द्यायच्या तर पहिल्या दोन झाकून ठेवाव्या लागतील, वाफेने ओल्या होतील, आणि मग तुमच्या रिव्ह्यूतले जेवणाचे पाच स्टारही जातील. त्यामुळे भाकरी यापुढेही जशी उतरेल तशीच येणार. चूक असेल तर ती हे तुम्हाला आधी न सांगण्याची. आता ऑर्डर घेतानाच मुलगा विचारेल: एकदम हवी की गरम हवी. (माझा सल्ला गरमचाच. पहिली भाकरी मोडून चौघांनी खाल्ली तर बिघडत नाही.)

सुरमईचं कारण साधं आहे. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. त्या काळात पुण्यात जी सुरमई मिळते ती बहुतेक बर्फातली, आणि ती आम्ही घेत नाही. एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरतं. त्या मुलाला कारणच माहीत नव्हतं, कारण त्याला ते कोणी सांगितलं नव्हतं. ओडिशातून आलेला मुलगा आहे, मराठी समजतं, बोलताना अडखळतो, आणि न समजल्याचं दिसू नये म्हणून लवकर सटकतो. भाकऱ्या थापणाऱ्या दोघी रेस्टॉरंट उघडलं तेव्हापासूनच्या, पण बाहेरची मुलं वर्ष काढतातच असं नाही. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली मोठ्या हॉटेलांत किंवा जहाजावर नोकरीला जातात, न शिकलेली जरा शिकली की दुसरीकडे हजार-दोन हजार जास्त मिळतात म्हणून जातात. तुम्ही जो फरक अनुभवलात त्याचं मूळ इथे आहे. म्हणून आता रोज संध्याकाळी उघडण्याआधी किचनमधली एक बाई मुलांना त्या दिवसाचे दोन पदार्थ खायला घालते आणि काय घातलंय ते सांगते.

टेबलाचं. आखाडातला शेवटचा रविवार म्हणजे श्रावणाआधी सगळ्या पुण्याला एकाच दिवशी मटण आठवतं. तुमच्या आधी त्या टेबलावर बसलेले लोक पावणेआठला जेवले, पण उठले नाहीत, कारण बडीशेप आल्यावर खऱ्या गप्पा सुरू होतात. न मागता बिल पुढे सरकवून मी कोणाला उठवणार नाही, उद्या तुम्हालाही नाही. दोन बुकिंगमध्ये पावणेदोन तास ठेवत होतो, ते अडीच केले आहेत. त्यामुळे अशा रविवारी टेबल कमी लोकांना मिळेल. त्यावरही एखादा रिव्ह्यू येईल, येऊ दे.

आता पाच टक्के. ते सेवा शुल्क नाही, जीएसटी आहे. बिल पुन्हा काढून पाहिलंत तर सीजीएसटी २.५ आणि एसजीएसटी २.५ असं वेगवेगळं दिसेल. ते सरकारजमा होतात. बिअरवर जीएसटी नसतो, तिथे राज्याचा व्हॅट आहे, १ नोव्हेंबर २०२३ पासून पाचाचा दहा टक्के झालेला, म्हणून ती ओळ निराळी. सेवा शुल्क आम्ही लावतच नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच ते बिलात परस्पर लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. कुठे लावलेलं दिसलं तर काढायला सांगा, ऐकलं नाही तर १९१५ वर फोन करा. टीप तुम्ही ठेवली नाहीत, तो तुमचा हक्क.

वयाच्या पुराव्याबद्दल मी काही बदलणार नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. चिरंजीव तेवीसचे आहेत हे वेटरला चेहऱ्यावरून कसं कळावं? वडील शेजारी बसलेत म्हणून नियम सुटत नाही, आणि मे २०२४ मधल्या, दारू प्यायलेल्या अल्पवयीन मुलाच्या पोर्श अपघातानंतर या शहरात तर कोणीच सोडू नये.

स्टार बदलावेत म्हणून हे लिहिलेलं नाही, दोन आहेत ते राहू देत. सुरमई ऑगस्टमध्ये सुरू होईल. येणार असाल तर फोनवर मुलीच्या ॲलर्जीचं सांगून ठेवा, बुकिंगच्या वहीत तशी नोंद करून घेतो. सोमवारी बंद असतं.