चिनी घंटांचं ‘न उलगडलेलं रहस्य’ धातूत नाही, आकारात आहे

सध्या एक मजकूर फिरतोय. चीनमधल्या 2400 वर्षांपूर्वीच्या थडग्यात 65 घंटा सापडल्या. प्रत्येकीतून एकाच वेळी दोन सूर निघतात. हे कुठल्या गूढ मिश्रधातूमुळे होतं ते विज्ञानाला कळलेलं नाही. तशी घंटा आज कुणालाच ओतता येत नाही. सूर पियानोशी तंतोतंत जुळतात. आणि या पूजेच्या घंटा होत्या.

सापडल्याची गोष्ट खरी आहे. हुबेई प्रांतात स्वैचौजवळ 1978 साली त्संग राज्याचा अधिपती यी याच्या थडग्याचं उत्खनन झालं. थडगं इ.स.पू. 433 च्या सुमाराचं. बाकीचे दावे एकेक करून पाहू.

‘एकाच वेळी दोन सूर’ हे चूक. एका टोल्याला एकच सूर हवा असतो, आणि तो टोला कुठे पडला यावर ठरतो. काठाजवळ पुढच्या भागाच्या मधोमध मारलं की एक सूर, मध्य आणि कडेच्या दरम्यान मारलं की दुसरा. दोहोंत सहसा कोमल किंवा शुद्ध गांधाराएवढं अंतर. टोला या दोन जागांच्या अधेमध्ये पडला, तर दोन्ही सूर मिसळून गढूळ आवाज येतो. तो वादकाचा दोष मानायचा, घंटेची करामत नव्हे.

‘गूढ मिश्रधातू’ तर मुळीच नाही. हे साधं कांसं आहे: तांब्यात साधारण 12 ते 15 टक्के कथील आणि 3 टक्क्यांहून कमी शिसं. कथील फार वाढलं की धातू ठिसूळ होतो. शिसं वाढलं की नाद बसतो. दोन सुरांचं कारण घंटेच्या आकारात आहे. ही घंटा गोल नसते. पुढची आणि मागची अशा दोन वक्र भिंती दोन्ही कडांना धारेवर मिळतात. त्यामुळे भिंत दोन वेगळ्या तऱ्हांनी थरथरते आणि दोन्हींची कंपनसंख्या वेगळी असते. एका तऱ्हेत जी जागा स्थिर राहते, तीच दुसरीत सर्वांत जास्त हलते. म्हणून योग्य जागी टोला दिला की एकच कंपन जागं होतं, दुसरं गप्प राहतं.

याच चपट्या आकारामुळे आवाज लवकर विरतो. भीमाशंकरच्या देवळातली, वसईच्या मोहिमेनंतर आलेली गोल घंटा वाजली की नाद बराच वेळ घुमत राहतो. तशा घंटांवर चाल वाजवली तर प्रत्येक सूर पुढच्यावर चढेल. गोल घंटेचा आवाज लांबतो, चपटीचा आखूड राहतो, हे अकराव्या शतकातच शन क्वो या चिनी विद्वानाने लिहून ठेवलंय.

‘आज बनवता येत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की संपूर्ण संचाची प्रतिकृती 1984 मध्ये तयार झाली. अवघड भाग ओतण्याइतकाच सूर लावण्याचा आहे. आतून घासून भिंत पातळ केली की सूर उतरतो. त्यामुळे घंटा थोडी जाड, म्हणजे चढ्या सुराची ओतून मग घासत खाली आणायची. जास्त घासलं गेलं तर सूर परत चढवणं जवळपास अशक्य, आणि एक सूर लावताना दुसराही हलतो. मूळ घंटांच्या आत घासल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. शिवाय मूळ घंटाच 1 ऑगस्ट 1978 ला जाहीर कार्यक्रमात वाजवल्या गेल्या.

पियानोचं म्हणाल, तर संचाचा आवाका पाच सप्तकांचा आहे आणि मधल्या भागात बाराही स्वर मिळतात. ही थक्क करणारी गोष्ट आहेच. पण पियानो ज्या समान अंतराच्या बारा स्वरांवर लावतात, त्यांचं गणित चीनमध्ये जू त्सायू या विद्वानाने मांडलं ते 1584 मध्ये. या घंटांना ते चिकटवू नये. घंटांवर जे खरोखर कोरलंय तेच जास्त मोलाचं आहे: टोल्याच्या जागेवर सुराचं नाव, आणि तोच सूर छू, जिन, छी वगैरे राज्यांत कोणत्या नावाने ओळखतात त्याची नोंद.

आता पूजा. यांना लोलक नाही; लाकडी हातोड्यांनी वाजवायच्या, खालच्या रांगेतल्या मोठ्या घंटांना लांब दांडे लागत. सर्वांत मोठी 203.6 किलोची, सर्वांत छोटी 2.4 किलोची. पूर्वजांच्या विधींत त्या वाजत, तशा दरबारी मेजवान्यांतही वाजत. आणि कुणाच्या दारी किती वाद्यं टांगायची याचा दंडक होता: राजाला चारही बाजूंनी, मांडलिकाला तीन बाजूंनी. यीच्या थडग्यात दोन बाजूंना घंटा, तिसरीला दगडी पट्ट्यांचं वाद्य, म्हणजे नेमका मांडलिकाचा मान. इ.स.पू. 589 मध्ये वेई राज्यातल्या एका सरदाराने बक्षीस म्हणून मिळणारी गावं नाकारून तीन बाजूंच्या वाद्यांचा मान मागितला आणि तो मिळाला. त्यापेक्षा जास्त गावं दिली असती तर बरं, असं कन्फ्यूशियसचं मत नोंदलेलं आहे.

यीच्या संचात मधोमध टांगलेली मोठी घंटा छूच्या राजाने भेट दिलेली, तिच्यावर तसा लेख आहे. संचाच्या स्वररचनेत ती बसत नाही. तरीही जागा मिळाली ती सर्वांत मानाची.