गाडी बंद नाहीये हो काका

डिझेल फिल्टर बदलत होतो. बदलत होतो, दुरुस्त करत नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण परवापासून हे वाक्य इतक्या लोकांना ऐकवलंय की आता झोपेतही बरळत असेन. गाडी ठणठणीत आहे. किलोमीटर भरले, मॅन्युअलमध्ये लिहिलंय बदला, म्हणून बदलायचा. विषय संपला.

काम म्हणाल तर किरकोळ. पाइप काढा, सेन्सरचा प्लग काढा, जुना बाहेर नवा आत. फक्त ज्याने तो फिल्टर त्या कोपऱ्यात बसवलाय त्याला मनगट नसावं. पाइपाच्या टोकाला प्लास्टिकची क्लिप, जोरात ओढली तर तुटणार, हळू ओढली तर ढिम्म हलणार नाही. डिझेल ओघळत कोपरापर्यंत आलं आणि नेमके तेव्हाच शेजारचे काका आले.

"बंद पडली?"

"नाही काका, फिल्टर बदलतोय."

"हां, म्हणजे बंद पडली म्हणून."

"नाही हो, चालू आहे. वेळ झाली बदलायची."

"चालू आहे तर उघडलीस कशाला?"

आता याला काय सांगणार? तरी सांगितलं. डिझेलमध्ये थोडं पाणी येतं, ते जड म्हणून फिल्टरच्या तळाशी साचतं, ते पुढे पंपात गेलं तर पंप खलास. जुना फिल्टर बाटलीत रिकामा केला आणि तळाला बसलेला पाण्याचा थर दाखवला. काकांनी बाटली उजेडात धरली, हलवली, वास घेतला, परत हलवली (थर गेला), आणि शांतपणे म्हणाले, "बघ, पाणी. म्हणूनच बंद पडली."

मग त्यांनी टॉर्च धरायचं काम स्वतःकडे घेतलं. उजेड जिन्यावर, कारण येणाऱ्याजाणाऱ्याला "डिझेल आहे ना, बंद पडली" हे सांगायचं होतं. लोक माझ्याकडे सुतकी चेहऱ्याने बघत जायचे.

आणि घरी का करतोय हे कोणी विचारलं नाही. मागच्या वेळी गॅरेजवाल्याने फिल्टर बदलल्याचे पैसे घेतले होते आणि आता उघडून बघतो तर आत गाडीबरोबर आलेला तोच, काळाठिक्कर. बिल आहे माझ्याकडे. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तेव्हापासून बंद आहे?"

नवीन फिल्टर बसवताना सल्ले सुरू झाले. आधी, "वरून डिझेल ओतून भरून घे." मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळता सरळ पंपात जातं हो काका. मग, "इंजेक्टरचा नट ढिला कर, एअर निघून जाईल, आम्ही ट्रॅक्टरला तसंच करायचो." आता हे खोटं नाही, जुन्या इंजिनांना तसंच करायचे. पण ही कॉमन रेल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना एकाच पाइपातून प्रचंड दाबाने डिझेल पुरवणारी. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार प्रेशर असतं, इथे 1600 बारच्या वर जातं, नट ढिला केला तर डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते, मग थेट ऑपरेशन. एवढं सगळं हातवारे करून समजावलं. काका म्हणाले, "प्रेशर कुठून येणार, गाडी तर बंद आहे ना?"

ज्याने डिझेल इंजिन शोधून काढलं तो रुडॉल्फ डिझेल 1913 साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रातोरात गायब झाला, नंतर समुद्रात प्रेत मिळालं. कर्जापायी की घातपात, लोक अजून वाद घालतात. माझं मत परवा पक्कं झालं. डेकवर कोणीतरी भेटला असणार आणि त्याने विचारलं असणार, "इंजिन बंद पडलं का?"

असो. हँड प्रायमर (लाइनमध्ये डिझेल भरायचा हातपंप) कडक होईपर्यंत दाबला, सेल्फ मारला. नुसती घरघर. यात नवल काहीच नाही, फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा राहते, कधीकधी परत पंप करावं लागतं. पण काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ना! पोरगं बोर्डात आल्यासारखं. "आल्याआल्या सांगितलं होतं मी," म्हणाले आणि टॉर्च बंद करून निघून गेले. टॉर्च माझा होता. तोही गेला.

परत प्रायमर मारला, जरा थांबून सेल्फ दिला, थोडी अडखळली आणि झाली चालू, एकदम मस्त. बघायला चिटपाखरू नाही. हॉर्न वाजवला तर वरून कोणीतरी ओरडलं. हाताचा वास साबणाने, लिंबाने, कशानेही जात नाहीये, घरात मला कोणी भांड्यांना हात लावू देत नाही, हा एकच काय तो फायदा.

आणि आज सकाळी एका अनोळखी माणसाचा फोन. बंद पडलेल्या गाड्या विकत घेतो म्हणाला, उचलून न्यायचं भाडं मात्र तुमच्याकडे. मी म्हटलं, अहो गाडी चालू आहे.

"हो हो, काका बोलले होते, तुम्ही असंच म्हणाल."