चौतीस दात्यांची हाव

सायकलवाल्यांत एक अलिखित नियम आहे. गुडघा दुखतो म्हणायला हरकत नाही, दम लागतो हेही एकवेळ खपतं, पण ‘मला हलका गिअर हवाय’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. काढलं की समोरचा आधी तुमच्या मागच्या चाकाकडे बघतो आणि मग तुमच्याकडे. तेवढ्यात तुमची किंमत ठरून गेलेली असते.

माझ्या रोड बाइकला मागे ११-२८ ची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांची चळत, होती. सगळ्यात लहान चकतीला अकरा दाते, सगळ्यात मोठीला अठ्ठावीस. पुढे पॅडलपाशी दोनच चकत्या, ५०-३४. पुढची लहान आणि मागची मोठी लावली की पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटरच्या थोडी पुढे सरकते. सपाट रस्त्यावर हे अंतर किरकोळ. बारा टक्क्यांच्या चढावर मात्र त्यातला एकेक सेंटीमीटर मांड्यांकडून वसूल होतो. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी नऊ किलोमीटर पडतात, पण साठ मारतंय कोण? चाळीसच्या खाली गेलं की सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत येरझाऱ्या घालू लागते आणि मागून येणारे ट्रकवाले आपल्याबद्दल गैरसमज करून घेतात.

यावर उपाय ११-३४. पुढे चौतीस, मागे चौतीस. पायाचा एक फेरा, चाकाचा एक फेरा, दोन मीटर दहा सेंटीमीटर. हिशेब इतका सरळ की कोणाचाही मोह व्हावा.

इतिहास मात्र माझ्या बाजूनं नाही. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांनी १९०२ मध्येच लिहून ठेवलं होतं की बदलते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी. त्यांच्या शर्यतीत डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. तोवर चढ आला की गडी खाली उतरायचे, मागचं चाक काढायचे, उलटं फिरवून दुसऱ्या बाजूची मोठी चकती चेनला द्यायचे आणि पुन्हा स्वार व्हायचे. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. म्हणजे खुद्द देग्रांजसाहेबांच्या हिशेबानंही माझी दोन वर्षं वाया गेली होती.

रविवारच्या मंडळींना विचारलं. एक म्हणाला, “बिनधास्त लाव गं, बसते. कंपनी हातचं राखूनच आकडा देते.” दुसरा म्हणाला, “ताई, डिरेलर हातात येईल.” तिसरा म्हणाला, “त्यापेक्षा वजन कमी कर.” हा तिसरा अजून आमच्यातच सायकल चालवतो, यावरून माझ्या स्वभावाची कल्पना यावी.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसले. माझा डिरेलर आखूड केजचा, म्हणजे चेन ताणून धरणारा त्याचा खालचा सांगाडा लहान. त्याला मोठ्यात मोठी चकती अठ्ठावीसची चालते आणि एकूण क्षमता ३३. ही क्षमता म्हणजे पुढच्या दोन चकत्यांतला फरक अधिक मागच्या दोन टोकांतला फरक. पुढे ५० वजा ३४, सोळा. मागे २८ वजा ११, सतरा. बेरीज ३३. सायकल बनवणाऱ्यानं इतकं काटेकोर लग्न लावलं होतं की एका दात्याचीही जागा शिल्लक नाही. ११-३४ लावली तर बेरीज जाते ३९ वर. जास्तीची चेन ओढून धरायची तर डिरेलरची केज लांब हवी. म्हणजे डिरेलर नवा.

डिरेलर नवा म्हटल्यावर चेनही नवी. जुनी चेन आखूड पडते. चुकून पुढची मोठी आणि मागची मोठी एकदम लागली तर ती डिरेलरला सरळ ताणून हँगरसकट, म्हणजे फ्रेमवरच्या त्याच्या आधारासकट, उखडायला कमी करत नाही. शिवाय झिजलेली चेन नव्या दात्यांवर घालणं बरं नव्हे, म्हणतात. चेन तोडायला चेन-ब्रेकर हवा. कॅसेट काढायला चेन व्हिप आणि तिला जागेवर आवळून धरणाऱ्या लॉकरिंगचं टूल हवं. लॉकरिंगवर बारीक अक्षरांत ‘४० न्यूटन मीटर’ लिहिलेलं असतं, म्हणजे नेमक्या तेवढ्याच जोरानं आवळणारा टॉर्क रेंचही आला. मारुतीच्या शेपटासारखी यादी वाढत चालली तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, “सुरुवात एका चकतीपासून झाली होती ना?”

कॅसेट काढणं हा मुळात शारीरिक प्रकार आहे. चेन व्हिप म्हणजे दांड्याला लावलेला चेनचा तुकडा. तो एका चकतीवर अडकवून डाव्या हातानं एकीकडे दाबायचं आणि उजव्या हातानं लॉकरिंग उलट दिशेला फिरवायचं. दोन्ही हात एकमेकांविरुद्ध, आणि मध्ये दात्यांची रांग बोटांच्या सांध्यांची वाट बघत. बराच वेळ काहीच होत नाही. मग अचानक ‘कड्ड’ असा आवाज येतो आणि आपण चाक मोडलं अशी खात्री पटते. मोडलेलं काही नसतं. लॉकरिंगच्या आतल्या बाजूला बारीक खाचा असतात, त्या सुटल्याचा तो आवाज. पण हे माहीत असूनही छातीत धस्स व्हायचं ते होतंच.

आत काळं राज्य होतं. चकत्यांच्या मध्ये तेल आणि धूळ मिळून घट्ट थर बसलेला, त्यात कुठल्याशा रस्त्यावरचं एक सुकलेलं पान अख्खं. फ्रीहब, म्हणजे चाकाचा ज्या भागावर कॅसेट बसते तो, पुसून लख्ख केला तेव्हा त्याच्या खाचा दिसल्या. सगळ्या सारख्या, एक मात्र इतरांपेक्षा अरुंद. त्या एका खाचेमुळे चकती एकाच पद्धतीनं आत जाते, उलटसुलट बसतच नाही. ज्यानं हे सुचवलं त्याला माणसांची चांगली पारख असणार.

आता खरी गंमत. अकरा गिअरची ही ११-३४ कॅसेट दहा गिअरच्या फ्रीहबच्या मापानं बनवलेली असते. माझा फ्रीहब अकराचा, म्हणजे जरासा रुंद. म्हणून आधी मागे १.८५ मिलिमीटर जाडीची एक रिंग घालावी लागते. ती घातली नाही तर लॉकरिंग गच्च आवळूनही कॅसेट खुळखुळत राहते. नव्या कॅसेटबरोबर ती रिंग मिळते, पण खोक्याच्या तळाशी अशी चिकटून बसते की तिला सापडायचंच नसावं. मी चकत्या हातात घेऊन बसलेले आणि नवरा आवराआवर करता करता म्हणाला, “यात एक फुटकळ वॉशर दिसतंय, खोक्याबरोबर टाकतो.”

“टाकू नकोस!”

वरच्या मजल्यावरून कोणीतरी डोकावलं. संसारात मी इतक्या जोरात ओरडल्याचं नवऱ्याला आठवत नव्हतं. रिंग मिळाली, आणि त्या दिवसापासून तो कुठलंही खोकं टाकण्याआधी मला दाखवतो.

पुढचं फार सांगत नाही. चेन बेतली, केबल ताणली, बी-स्क्रू आत घेत घेत डिरेलरचं वरचं चाक मोठ्या चकतीपासून दूर केलं आणि करकर थांबली. चौतीसची ती चकती मागच्या चाकावर इतकी ऐसपैस दिसते की पहिल्यांदा बघताना मलाच संकोच वाटला.

शिवाय कॅसेट काही फुकट देत नाही. चकत्या अकराच, पल्ला वाढला, तर मधून कोणीतरी जाणारच. गेले ते बारा आणि चौदा. आता ११ नंतर १३, मग १५. सपाटीवर गटात चालताना नेमका चौदा हवा असतो. तेरा जड पडतो आणि पंधरावर पाय उगाच भिरभिरतात. दोन दाते ही काय चीज आहे ते ते गेल्यावरच समजतं. चौतीसवर मात्र माझा राग नाही. चढावर ती लागली की गुडघे कुरकुरायचे थांबतात, आणि गुडघ्यांची शांतता मला बारा-चौदापेक्षा मोलाची आहे.

रविवारी तोच बारा टक्क्यांचा चढ. चौतीस-चौतीस लावून मी मिनिटाला साठ फेरे मारत ताशी साडेसात किलोमीटरनं ऐटीत वर निघाले. वळणापलीकडे चढ आणखी उभा झाला आणि बोटांनी आपसूक शिफ्टर दाबला. काही झालं नाही. गिअर संपले होते. शेजारून ‘बिनधास्त लाव गं’वाला चालला होता, त्याच्या नजरेतून ते सुटलं नाही.

“छत्तीसचीही येते,” तो म्हणाला. “बारा गिअरमध्ये.”

मला बोलण्याइतका श्वास जमवायला थोडा वेळ लागला. “तिला काय काय बदलावं लागतं?”

“शिफ्टर, दोन्ही डिरेलर, चेन.” त्यानं जरा विचार केला. “फ्रीहब मात्र तोच चालतो.”