मोडेम रेंगाळतो? आधी विंडोज फॉरमॅट करा

चला, डायल-अपच्या जमान्यात जाऊ, इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने घरात यायचं त्या काळात. तिथे इंटरनेट रेंगाळतं म्हणून हवालदिल झाला असाल, तर एक पथ्य आधीच सांगून ठेवतो: भिंतीतून जी टेलिफोनची वायर घरात येते, तिच्याकडे चुकूनही बघायचं नाही. बाकी वाट्टेल ते करा.

सुरुवात विंडोज फॉरमॅट करण्यापासून करावी. त्यात अख्खा रविवार जातो, जपून ठेवलेली पत्रं जातात, मोडेमच्या ड्रायव्हरची सीडी सापडत नाही, आणि आपण काहीतरी गंभीर काम करतोय अशी घरच्यांची खात्री पटते. एवढं करूनही कनेक्शन सेकंदाला २६,४०० बिटांवरच लागलं, तर जळगावला जाऊन नवा मोडेम आणा. खोक्यावर ‘५६ के’ ठळक छापलेलं असेल तोच घ्या. व्ही.९० हे मोडेमचं १९९८ चं मानक सेकंदाला ५६ हजार बिट कबूल करतं ते फक्त येताना, आणि तेही पलीकडच्या टोकापासून तुमच्या एक्सचेंजपर्यंत सगळं डिजिटल असलं तर. जाताना ३३,६०० च्या वर काही नाही. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं, तेव्हा तुम्हीही कशाला विचारता? बिट-बाइटच्या हिशेबातही शिरू नका. २६,४०० ला आठाने भागलं की सेकंदाला तीन किलोबाइट आणि थोडी चिल्लर हाती लागते. म्हणजे एक एमबी उतरायला पाच मिनिटांच्या वर, तेव्हाच्या तीन मिनिटांच्या पल्सने मोजलं तर दोन लोकल कॉलचे पैसे. हे कळून कुणाला सुखाची झोप लागली आहे?

काही मोडेमचे ड्रायव्हर मोठे दयाळू असतात. तारेवरचा वेग सांगायच्या ऐवजी ते कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधला वेग सांगतात आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात १,१५,२०० झळकतं. असा आकडा दिसला की शेजाऱ्यांना बोलावून दाखवा. पहिलं पान उघडायच्या आत मात्र त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

मग मंत्र. मोडेमच्या सेटिंगमध्ये खोलवर एक रिकामा रकाना असतो, त्यात मित्राच्या मित्राने कागदावर लिहून दिलेली ‘एटी’ने सुरू होणारी, मोडेमला हुकूम सोडणारी ओळ टाकायची. एटीएक्स३ने मोडेम डायल टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. एस१० नावाच्या सेटिंगचा आकडा वाढवला की पलीकडच्या मोडेमचा सूर क्षणभर हरवला तरी तो फोन ठेवत नाही. दोन्हींचा वेगाशी काडीचा संबंध नाही, पण टाइप करताना छाती फुगते. मोडेमला ३१,२०० वर बांधून ठेवणारी ओळही असते. खराब लाईनवर तीच खरी कामाची, कारण मग तो वर उडी मारून तोंडघशी पडत नाही आणि पुन्हा पुन्हा जुळवाजुळव करत बसत नाही. ती टाकू नका. ३१,२०० हा काय चारचौघांत सांगायचा आकडा आहे? १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वांसाठी इंटरनेट खुलं झालं तेव्हा ९,६०० वर लोक खूश होते म्हणे, पण ते लोक वेगळे.

स्वयंपाकघरातला दुसरा फोनही त्याच लाईनवर राहू द्या. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आजी पारोळ्याच्या आत्याला ‘तू कव्हय येशी?’ विचारायला रिसीव्हर उचलणारच. तिच्या कानात फसफस, तुमची फाईल ९४ टक्क्यांवर ठार. आजीला काही बोलायची सोय नाही, बिल तिच्या पेन्शनमधून जातं.

वायर बघू नका म्हटलं तरी तुम्ही बघणारच. खांबावरच्या डब्यातून निघालेली ती तारांची जोडी निंबाच्या फांदीला वळसा घालून येते आणि खिडकीबाहेर तिला एक जोड असतो. कधीतरी वायर कमी पडली, तेव्हा दोन तुकडे दातांनी सोलून एकमेकांत पिळले आणि वर चिकटपट्टी मारली. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा तिचा डिंक ओघळून भिंतीला लागतो, पावसाळ्यात उघड्या तांब्यावर हिरवं पूट चढतं. बोलणाऱ्याचं काही अडत नाही. कान खरखरीतूनही शब्द वेचतो. मोडेमला मात्र ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या त्याच चिंचोळ्या पट्टीत हजारो बिट कोंबायचे असतात, म्हणून खरखर वाढली की तो वेग उतरवतो. खात्रीच करायची तर रिसीव्हर उचलून एक आकडा दाबा आणि टोन थांबला की गुपचूप ऐका. खरखर आली तर आधी जोडावर संशय घ्या. एकसुरी घुर्र आली तर शेजारून विजेची वायर गेली असणार. पण हे फुकटात होतं, म्हणून त्याला प्रतिष्ठा नाही.

तरी तक्रार नोंदवायचीच असेल तर ‘नेट हळू चालतं’ एवढंच सांगा. लाईनमन येतो, खांबाशी आपला टेस्टिंगचा फोन चिमट्यांनी लावतो आणि ‘हॅलो’ म्हणतो. पलीकडूनही ‘हॅलो’ येतं. ‘आवाज येई राह्यना ना, भो? मंग लाईन ओके शे.’ ओकेच असते हो, बोलण्यापुरती. ‘बोलताना खरखर येते’ असं सांगून बघा, असं कुणीतरी शहाणा सुचवेल. मग तोच लाईनमन जोड हुडकतो, कापतो, तांबं चकाकेपर्यंत घासतो, घट्ट पिळून टेप गुंडाळतो. दहा मिनिटांत काम फत्ते आणि कनेक्शन ४९,३३३ वर!

शहाण्याचं ऐकायच्या आधी नीट विचार करा. जुना मोडेम ‘बिघडलाय’ म्हणून तुम्ही निम्म्या किमतीत पुतण्याच्या गळ्यात मारलेला आहे, आणि तो धुळ्याहून दर आठवड्याला फोन करून सांगतो, ‘काका, झकास चालतोय!’