दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर : कडू बनाना ब्रेड, दगड झालेले स्कोन आणि साय

नमस्कार,

तुमचा अभिप्राय आला त्या दिवशीच वाचला. राग आला, म्हणून दोन दिवस काही लिहिलं नाही. आता शांतपणे लिहिते आहे, आणि तक्रार सगळ्यांसमोर आहे तर उत्तरही इथेच देते.

इतरांसाठी थोडक्यात सांगते. यांनी शनिवारी सकाळी माझ्याकडून सहा स्कोन (चहाबरोबर जॅम आणि साय लावून खायचे मैद्याचे छोटे फुगीर प्रकार) आणि एक बनाना ब्रेड नेला. स्कोन फ्रिजमध्ये "नीट झाकून" ठेवले आणि रविवारी संध्याकाळी पाहुण्यांपुढे मांडले. स्कोन "दगड, घशाखाली उतरेनात". ब्रेड "मध्ये ओला आणि मधूनच कडू". सोबतची साय बघून पाहुणे हसले. शिवाय "ब्रेड सांगितला तर केक आला". दोन तारे.

कडूपणाचं आधी बोलते, कारण तिथे चूक माझी आहे. तुमच्या फोटोत ब्रेडच्या कापांवर तपकिरी ठिपके दिसताहेत, ते सोड्याचे खडे आहेत. दमट हवेत डबा कितीही घट्ट लावला तरी सोड्याच्या गुठळ्या होतात. मी मैदा चाळून घेतला आणि सोडा मात्र चमच्याने थेट वरून टाकला. घाई होती, दुसरं कारण नाही. गुठळीच्या आत दह्याचा आंबटपणा पोचत नाही, त्यामुळे ती फसफसत नाही, नुसती भाजली जाते. खायचा सोडा असा तापला की त्याचा धुण्याचा सोडा होतो, म्हणून ती साबणासारखी कडवट चव. तुमच्या जिभेने अगदी बरोबर पकडलं.

ओलेपणही माझंच. माझ्या वहीत इतकी वर्षं "चार केळी" असंच लिहिलेलं होतं. त्या आठवड्यात केळी चांगली दांडगी आली होती. तुमची तक्रार वाचल्यावर त्याच फणीतली उरलेली चार सोलून वजन केलं, तर गर भरला ४६० ग्रॅम. माझ्या साच्याला ३५० पुरतो. म्हणजे शंभरावर ग्रॅम जादा गर, आणि त्यात बहुतेक पाणीच. वरून छान तांबूस झाला होता, काडी घालून पाहिली तर कोरडी आली. पण ती मी कडेला घातली असणार, मधोमध घातली असती तर कळलं असतं. आता गर वजन करून घेते, सोडा मैद्याबरोबर दोनदा चाळते आणि काडीच्या भरवशावर न राहता टोचायचा थर्मामीटर वापरते. मधोमध ९५ अंश दाखवल्याशिवाय साचा बाहेर काढत नाही. ब्रेडचे पैसे तुम्हाला परत पाठवले आहेत.

स्कोनचे पाठवलेले नाहीत. तिथे मला थोडं भांडायचं आहे.

करंजीच्या पारीला आपण मोहन चोळतो ना, स्कोनचं तसंच असतं. फरक इतकाच की मोहन कडकडीत नसतं. फ्रिजमधून काढलेलं थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं, जाड रव्यासारखं दिसेपर्यंत. मग थंड ताक घालून जेमतेम गोळा जमवायचा. तिंबायचा अजिबात नाही, तिंबला की चिवट होतो. लगेच थापून, कापून २२० अंशावर १२ ते १४ मिनिटं. २५० ग्रॅम मैद्याला मी ६० ग्रॅम लोणी आणि ३० ग्रॅम साखर घेते. साध्या बटर केकमध्ये लोणी आणि साखर जवळजवळ मैद्याच्या बरोबरीने पडतात, म्हणून तो तीन-चार दिवस मऊ राहतो. स्कोनला ती सोय नाही. त्याचं आयुष्य भाकरीएवढं. मुळात हा स्कॉटलंडात तव्यावर भाजला जाणारा प्रकार, गोल थापायचा आणि चार तुकडे करायचे. ओव्हन आणि बेकिंग पावडर घरोघरी गेल्यावर तो असा उंच फुगायला लागला.

आता फ्रिजचं. रात्रीचा भात सकाळी फ्रिजमधून काढला की शितं कडक झालेली असतात. भात वाळलेला नसतो, पाणी त्यातच असतं. शिजताना फुगलेला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट बसतो, आणि फ्रिजच्या थंडाव्यात ते सगळ्यात झपाट्याने होतं. स्कोनचंही तेच झालं. तुम्ही नीट झाकून ठेवलेत तरी उपयोग नव्हता, उलट ओट्यावर डब्यात राहिले असते तर जरा बरे लागले असते. भात गरम केला की मोकळा होतो तसा स्कोनही पुन्हा मऊ होतो. १६० अंशावर सहा-सात मिनिटं, किंवा जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर. मायक्रोवेव्हमध्ये मात्र नको. अर्धा मिनिट मऊ लागतो आणि चहा ओतेपर्यंत पुन्हा दगड. दुसऱ्या दिवसासाठीच हवे असतील तर फ्रीजरमध्ये टाका, तिथे ही भानगड थांबते.

तुम्ही म्हणाल, हे आधी सांगायला काय झालं होतं? रास्त आहे. "आजच खावेत" अशी चिठ्ठी पिशवीत होती, पण तळाशी आणि मुंगीच्या अक्षरात. फ्रिजचा तर त्यात उल्लेखच नव्हता. या आठवड्यापासून झाकणावरच जाड पेनाने लिहिते आहे. तरीही दोन दिवस टिकावेत म्हणून स्कोनमध्ये लोणी आणि साखर वाढवणार नाही. मग तो कपकेक होईल, आणि कपकेक पुण्यात गल्लोगल्ली मिळतात.

ब्रेड की केक, हा प्रश्न तुम्ही एकट्यानेच विचारलेला नाही. यीस्ट न घालता, न आंबवता, सोड्यावर किंवा बेकिंग पावडरवर फुगवलेल्या या प्रकाराला अमेरिकेत क्विक ब्रेड म्हणतात. बनाना ब्रेड त्यातलाच, म्हणून नावात ब्रेड. आपल्याकडे रात्रभर आंबवलेल्या पिठाचा ढोकळा आणि फ्रूट सॉल्ट घालून केलेला झटपट ढोकळा, दोघांनाही ढोकळाच म्हणतो, तसंच समजा. बेकिंग पावडरसुद्धा घरगुती अडचणीतूनच आली. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं, तर त्याने १८४३ मध्ये ती तयार केली. पण चवीला तो केकच लागतो हे मलाही मान्य आहे, आणि लोणी लावून खायचा पाव डोळ्यांसमोर ठेवून कुणी मागवला तर हिरमोड होणारच. यादीत आता "गोड, केकसारखा, अंडी घातलेला" असं लिहिलं आहे.

राहिली साय. इथे मी एक पाऊलही मागे येणार नाही.

इंग्लंडच्या डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये स्कोनबरोबर जे क्लॉटेड क्रीम देतात, ते म्हणजे पसरट भांड्यात दूध किंवा क्रीम तासन्‌तास मंद तापवून, तसंच निवू देऊन वर धरलेला जाड पिवळसर थर. कॉर्नवॉलचं म्हणून विकायचं तर त्यात निदान ५५ टक्के स्निग्धांश लागतो. आता मला सांगा, म्हशीचं दूध तापवून रात्रभर गार केल्यावर आपल्या पातेल्यात काय धरतं? बाजारात "क्रीम" म्हणून मिळणारं ते पांढरंशुभ्र फेटायचं टॉपिंग बरेचदा वनस्पती तेलाचं असतं. ते वापरलं तर माझा खर्च कमी होईल, फोटोही छान येतील. पण स्ट्रॉबेरी जॅमवर ते खाल्लं की टाळ्याला मेणासारखा थर बसतो. मी चार दिवसांची साय जमवते, हलक्या हाताने फेटते, आणि बरणीत भरून देते. पाहुण्यांना हसायचंच असेल तर हसायला आणखी एक विषय देते. डेव्हनमध्ये स्कोनवर आधी क्रीम लावतात आणि वर जॅम, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम आणि वर क्रीम. यावरून त्या दोन परगण्यांत आपल्या मिसळीसारखी भांडणं चालतात. मी जॅम आधी लावते, साय घसरत नाही.

तारे बदला असं मी म्हणणार नाही. कडू ब्रेड खाल्लात, दोन दिलेत, ठीक आहे. ब्रेडचं पुन्हा बघायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा, शनिवारी आठला ओव्हन लागतो. पैसे घेणार नाही. स्कोन हवे असतील तर त्याचे मात्र घेईन, आणि कधी खाणार आहात ते आधी विचारीन.

सायीची बरणी काचेची होती, झाकणावर निळा ठिपका आहे. येताना आणलीत तर बरं होईल, त्या मापाची आता मिळत नाही.