कस्टमर गेम खेळतो

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात पावतीवर 'तक्रार' असा एक रकाना असतो. त्यात काउंटरवरच्या पोरानं माझ्यादेखत निळ्या पेनानं लिहिलं, "कस्टमर गेम खेळतो. मशीन तापते."

मी म्हटलं, "खेळत नाही रे, बनवतो."

"तेच," तो म्हणाला आणि कार्बन पेपर पुढच्या पानाखाली सरकवला.

तेच! आम्ही तिघं मित्र नोकऱ्या सांभाळून, बायकांची बोलणी खाऊन, आधुनिक आरमारी आणि हवाई लढाईचा संगणकावरचा खेळ बनवतोय. शक्य तितका खरा. त्यात दोनशे जहाजं-विमानं असली तर प्रत्येकाला उरलेल्या एकशेनव्व्याण्णवांपैकी कोण कोण दिसतंय, हे दर सेकंदाला विचारावं लागतं. झाले चाळीस हजार प्रश्न. लॅपटॉप तापणार नाही तर काय? पण रकाना लहान होता आणि पोराला घाई होती.

"तापवून दाखवा," तो म्हणाला. म्हणून मी नौपाड्यातल्या त्या दुकानात, काउंटरवरच, १९७१च्या ४ डिसेंबरची रात्र सुरू केली. भारतीय नौका कराचीकडे निघाल्या. शेजारच्या स्टुलावर पंचाहत्तरीचे एक काका मांडीवर प्रिंटर घेऊन बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"हवामान खातं का?"

"नाही काका, खेळ आहे. आरमारी लढाईचा."

काका पुढे वाकले. त्यांच्याबरोबर प्रिंटरही वाकला आणि त्याचा एक कोपरा माझ्या गुडघ्यावर येऊन टेकला, तो शेवटपर्यंत तिथंच राहिला.

"आरमार कुठाय?"

"हे तीन गोल. आपल्या क्षेपणास्त्र नौका. निपात, निर्घात, वीर. गोल म्हणजे आपले, चौरस म्हणजे अनोळखी, आणि पत्त्यातली चौकट दिसली की शत्रू."

"रमी!" काका मागे सरकले. "ते बंद केलं ना सरकारनं?"

२०२५च्या कायद्यानं बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, आणि यात कुणी पैसे लावत नाही, असं मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यातला 'पैसे' हा शब्द तेवढा दुकानभर ऐकू गेला. स्क्रीनगार्ड लावून घ्यायला आलेल्या एक बाई माझ्याकडे बघत होत्या, त्यांनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"बरं, मग जहाज दिसत का नाही? नुसता गोलच आहे."

"रात्र आहे, काका."

"दिवसा दिसेल?"

"दिवसाही नाही. समोरचं जहाज तीस-चाळीस किलोमीटरवर आहे."

"मग ते तिथं आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"रडारवर."

"रडारवर कळलं, तर मग हा चौरस कसा? चौकट पाहिजे."

प्रश्न रास्त होता. रडारला 'काहीतरी आहे' एवढंच कळतं. ते काहीतरी विनाशिका आहे की खजूर घेऊन निघालेलं मालवाहू जहाज, हे त्या ठिपक्यावर लिहिलेलं नसतं. हे मी सांगितल्यावर काका थोडा वेळ गप्प राहिले.

"म्हणजे काहीतरी येतंय. पण काय येतंय, कुणाचं येतंय, ठाऊक नाही."

"बरोबर."

"आणि खेळणारा काय करतो?"

"वाट बघतो. कानोसा घेतो. जवळ जावं का ठरवतो."

काकांचा चेहरा उजळला. "अहो, मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो! जन्मभर खिडकीत बसून हेच केलं की. नगरहून गाडी सुटली एवढा फोन यायचा. पुढं ती आळेफाट्याला उभी आहे का माळशेजात बंद पडलीय, देव जाणे. माइकवर मात्र सांगायचं, येतेच आहे." मग आवाज बदलून, "याचे पैसे देतात लोक?"

"देतात. थोडे."

"मला पगार होता," काका म्हणाले.

इथं संभाषण थांबलं असतं तर बरं होतं. पण काकांना आता विषय सापडला होता.

"तुमची जहाजं वेळेवर पोचतात का?"

"वेगाप्रमाणे पोचतात."

"बंद पडत नाहीत?"

"पडतात ना! प्रत्येक यंत्राला बिघाडाची शक्यता दिलीय. टक्क्यांत."

"टक्क्यांत!" काकांनी पोराला हाक मारली. "ऐकलंस का रे? बिघाड टक्क्यांत!" पोरगा माझ्याच लॅपटॉपच्या स्क्रूंसाठी स्क्रू-ड्रायव्हर शोधत होता, त्यानं ऐकलं नाही. "साहेब, बिघाड टक्क्यानं होत नाही. मंत्री येणार असले की होतो. डायवरचं आणि डेपो मॅनेजरचं सकाळी वाजलेलं असलं की होतो."

"आरमारात तसं नसतं."

"का? तिथं माणसं नसतात?"

अशा वेळी मोठ्या मनानं हसावं म्हणतात. मी रडारचं समीकरण काढलं. रडारचा पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती दुप्पट करून भागत नाही, सोळापट लागते, हे सांगितलं. पृथ्वी गोल आहे, हे सांगितलं. ("हो, शाळेत होतं," काका.) पाण्यापासून सोळा मीटर उंचीवर रडार आणि चार मीटरवरून येणारं क्षेपणास्त्र घेतलं, तर ते क्षितिजावर डोकं काढतं तेव्हा जेमतेम पंचवीस किलोमीटरवर असतं. सेकंदाला तीनशे मीटर या वेगानं तुमच्या हातात राहिले ऐंशी सेकंद.

"ऐंशी सेकंदांत," काका म्हणाले, "आमच्याकडे अनाउन्समेंट होत नसे. आधी माइकवर फुंकर मारायला लागायची."

आता हे त्यांनी चेष्टेत म्हटलं, पण ४ मे १९८२ला फॉकलंडच्या समुद्रात याहून वेगळं काय झालं? 'शेफील्ड' ही ब्रिटिश विनाशिका तेव्हा उपग्रहावरून संदेश पाठवत होती. ते यंत्र चालू असलं की शत्रूचं रडार ओळखणारं दुसरं यंत्र बहिरं व्हायचं. अर्जेंटिनाच्या विमानांनी सोडलेलं एक्झोसेट क्षेपणास्त्र येऊन थडकलं. वीस माणसं गेली. हा प्रसंग खेळात घालायचा म्हणजे एका यंत्रानं दुसऱ्याचे कान बंद केले पाहिजेत, आणि ते कधी, हे ठरवायला तिसराच कुणीतरी जहाजात बसून फोनवर बोलत असला पाहिजे. त्याचा टक्का किती धरायचा, सांगा.

कराचीचंही तेच. निर्घातनं सोडलेलं क्षेपणास्त्र 'खैबर' या पाकिस्तानी विनाशिकेवरच्या लोकांना दिसलं, नाही असं नाही. अंधारातून एक लखलखीत दिवा येतोय. त्यांनी त्यावर विमानविरोधी तोफा डागल्या आणि मुख्यालयाला कळवलं, शत्रूच्या विमानानं हल्ला केलाय. त्यांना तरी काय दोष द्यायचा? क्षेपणास्त्रानं जहाज बुडतं हे जगानं पाहून चारच वर्षं झाली होती. १९६७च्या ऑक्टोबरात इजिप्तच्या नौकांनी इस्राएलची 'एलात' अशी बुडवली, तेव्हा. म्हणून आमच्या खेळात प्रत्येक बाजूला दोन नकाशे असतात. एक खरा, आणि एक तिला वाटतो तो. खेळणाऱ्याला दुसराच दिसतो. पहिला फक्त मला दिसतो, आणि त्यानंच माझा लॅपटॉप तापतो. यातलं एक अक्षर त्या रकान्यात मावलं नसतं हे मान्य. पण 'बनवतो' तर मावलं असतं?

काकांचा प्रिंटर माझ्याआधी झाला. कागद उलटा घातला होता, बाकी काही नव्हतं. पोरानं त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत. मला पंखा, थर्मल पेस्ट आणि 'गेमिंगमुळे' एक कूलिंग पॅड सुचवण्यात आला. काका उठले, प्रिंटर काखेत मारला आणि पायरीवरून मागे वळून म्हणाले, "बाकी चांगलंय. एक बटण तेवढं द्या. दाबलं की ढुम्म."

हे ढुम्म आता माझ्या डोक्यातून जात नाही. एसटीतल्या त्या काकांचं ठीक आहे. पण मुंजीत, बारशात, सोसायटीच्या गच्चीवर, सगळीकडे मला हेच सांगण्यात येतं. पाणी निळं करा. लाटा हलू द्या. मेव्हण्यानं तर हिरॉइन घाला म्हणून सुचवलं. आणि दुसऱ्या टोकाला आमचे चाचणीवाले, फुकट काम करणारे आणि त्याची पै न पै अपमानातून वसूल करणारे. १९८० साली लॅरी बाँड या अमेरिकी नौदल अधिकाऱ्यानं 'हार्पून' हा टेबलावर फासे टाकून खेळायचा खेळ काढला, तेव्हापासून या पंथाला आकड्यांची चटक आहे. रात्री दीडला मेल येते: तुमच्या पाणबुडीचा कमाल वेग एक नॉटनं जास्त आहे. पुरावा म्हणून कुठल्यातरी प्रदर्शनातल्या माहितीपत्रकाचा फोटो, त्यावर चहाचा डाग. दुसरा लगेच दुसरं माहितीपत्रक टाकतो. खरा आकडा ज्याला ठाऊक आहे तो सांगत नाही, सांगितला तर तुरुंगात जाईल. उरलेले सगळे मला सांगतात.

तरी हे लोक परवडले. ते निदान खेळतात. आमची अर्धवट आवृत्ती विक्रीला ठेवल्यावर पहिला अभिप्राय आला तो असा: "तीन तास काहीच झालं नाही. समुद्र रिकामा. मग एकदम काहीतरी आलं आणि मी हरलो. कुणी मारलं तेही कळलं नाही. पैसे परत करा."

मी तो अभिप्राय दोघा मित्रांना पाठवला. एकानं उत्तर दिलं, "हे आपण जाहिरातीत वापरू." दुसऱ्यानं दिलं नाही, त्याचा वाटा त्या विक्रीतून निघायचा होता. गिऱ्हाइकाला पैसे परत गेले. पैसे मिळाल्याचं त्यानं प्रामाणिकपणे खाली लिहिलं, एक तारा होता तो तसाच ठेवला, आणि विचारलं, मोबाइलवर कधी येणार.