जबाबदारी खेचरावर लादताना

युरोप झाला, दुबई दोनदा झाली, केनियात सिंहसुद्धा बघून झाला. कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर सांगण्याजोगं आता तुमच्याकडे काही उरलेलं नाही. नेमक्या अशाच वेळी माणसाला जबाबदारीची जाणीव होते. तेव्हा यंदा मोरोक्कोला जा. ॲटलस पर्वतात, बारा जणांच्या छोट्या गटात, बर्बर खेड्यांमधून पायी. जाहिरातीत ‘जबाबदार पर्यटन’ असं हिरव्या अक्षरांत छापलेलं असतं आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. विमानतळावरून ने-आण, सकाळचा नाश्ता आणि जबाबदारी, सगळं पॅकेजमध्येच.

छोटा गट म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. बारा पाहुणे, एक वाटाड्या, एक स्वयंपाकी, चार-पाच खेचरवाले आणि तितकीच खेचरं. एकूण वीस-पंचवीस जीव पंचवीस-तीस घरांच्या गावात संध्याकाळी उतरतात. पण मोजायचे ते फक्त पैसे भरणारे. त्यामुळे गट छोटाच राहतो.

‘बर्बर’ या शब्दाबद्दल कुणी खुसपट काढलं तर घाबरू नका. आपल्या कोशात बर्बर म्हणजे रानटी. हा शब्द ग्रीकांच्या ज्या शब्दाचा भाऊ लागतो, त्याचा अर्थ होता ‘आपली भाषा न येणारा, बडबडणारा परका’. ती माणसं स्वतःला ‘इमाझिघेन’ म्हणवतात, म्हणजे स्वतंत्र माणसं. त्यांची तमाझिघ्त भाषा २०११ च्या राज्यघटनेत अधिकृत झाली आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर तिफिनाघ लिपी दिसते. पण ‘इमाझिघेन गावं’ असं छापलं तर बुकिंग कोण करणार? तुम्ही बर्बरच म्हणा. आल्यावर ‘अझुल’ आणि निघताना ‘तनमिर्त’ एवढे दोन शब्द पाठ करा, म्हणजे संस्कृतीशी समरस झाल्यासारखं होतं. तुमचा वाटाड्या तशलहीत (ही त्यांची इथली बोली), अरबी, फ्रेंच आणि इंग्रजी बोलेल, शिवाय हिंदी सिनेमातली चार गाणी म्हणून दाखवेल. त्याच्याशी हळूहळू, एकेक शब्द तोडत बोला. खेड्यातला आहे बिचारा.

माराकेशहून दीड-दोन तासांत गाडी तुम्हाला इम्लिलला सोडते. उंची १,७४० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच जागी तुम्ही गाडीतून बसल्या बसल्या पोहोचलात, तरीही घरच्या ग्रुपवर ‘चढाई सुरू’ असं टाकायला हरकत नाही. डोक्यावर तुबकाल असतो, ४,१६७ मीटर, उत्तर आफ्रिकेतला सर्वांत उंच. तिथं जायचा तुमचा काही बेत नाही. तुम्ही लोकांच्या अंगणातून जाणार आहात, ते जास्त जबाबदारीचं आहे.

पहिल्या सकाळी सामान खेचरावर चढतं. हा क्षण नीट अनुभवा. तुमची चौदा किलोची बॅग, त्यातली चकली, भडंग, मेतकूट, तीन पावर बँक, पावसाळा नसताना घेतलेला रेनकोट, सगळं त्या मुक्या जनावराच्या पाठीवर जातं आणि तुमच्या हातात राहते फक्त काठी. अंग हलकं होतं, मग मनही हलकं होतं. माझा एक मित्र त्या चढावर खेचराकडे बघत म्हणाला होता, ‘निसर्गात आलं की माणसाला किती कमी लागतं ना!’ हे वाक्य तुम्हीही म्हणा. खेचर काही बोलत नाही.

दुपारी एखाद्या घरी चहा होईल. हिरवा चहा, पुदिन्याच्या काड्या आणि साखरेच्या सुळक्यातून फोडलेले ढेकूळभर खडे. यजमान हात उंच करून चहाची धार ग्लासात सोडतो आणि हसत सांगतो, ‘बर्बर व्हिस्की!’ हा विनोद तो त्या आठवड्यात कितव्यांदा सांगतोय हे विचारायचं नाही. चहाची पत्ती चीनहून येते, हेही कुणाला कळू देऊ नका. ‘इथल्या मातीचा वास आहे हो याला’ म्हणून डोळे मिटा.

मग मुलं येतील. ‘मॅडाम, स्तिलो! बोनबोन!’ पेन द्या, गोळ्या द्या. याच गोष्टी देऊ नयेत असं जबाबदार पर्यटनाच्या पत्रकात लिहिलेलं असतं, कारण मुलं शाळा सोडून वाटेवर उभी राहतात. पण ते पत्रक इतरांसाठी असतं. खरं तर गावात प्राथमिक शाळा असते, अडचण तिच्या पुढे सुरू होते. पुढची शाळा अस्नीसारख्या मोठ्या गावात, रोज जाऊन येणं अशक्य, म्हणून मुलींचं शिक्षण तिथंच थांबायचं. अस्नीत २००७ मध्ये अशा मुलींसाठी वसतिगृह सुरू झालं आणि अशा वसतिगृहांतून मुली विद्यापीठापर्यंत पोहोचल्या आहेत. आता तुम्हीच बघा, वसतिगृहाला देणगी दिली तर पावती मिळते. पेन दिलं की मूल हसतं, आणि फोटोत हसू येतं, पावती येत नाही.

फोटोवरून आठवलं. बायकांना फोटो काढलेला बहुतेक वेळा आवडत नाही. त्या पदराने तोंड झाकून वळतात. तेव्हा थेट विचारण्याचा उद्धटपणा करू नका, लांबची लेन्स न्या.

मुक्कामाच्या घरी पोहोचल्यावर गरम पाणी मागा. लांबच लांब खोलीत भिंतीकडेने गाद्या घातलेल्या असतील, मधे गोल टेबल, वर ताजीन, म्हणजे मातीच्या भांड्यात मंद शिजवलेलं कालवण. पण पाणी? ते लाकडावर तापतं किंवा गॅसवर. सिलिंडर खेचरावरून येतो आणि लाकूड डोंगरातून, बहुधा बायकांच्या पाठीवरून. ॲटलसच्या उंचीवरची जुनिपरची झाडं म्हातारी, पिळवटलेली, अतिशय सावकाश वाढणारी, आणि सरपणासाठी तोडून तोडून विरळ झालेली. बारा जणांनी अंघोळ केली की त्यातली एखादी फांदी तुमच्या खांद्यावरून वाहून जाते. टॉवेल मात्र एकच दोन दिवस वापरा. पर्यावरणाचा प्रश्न आहे.

आता घरांविषयी. मातीची घरं बघून तुम्हाला भरून येईल, आणि मधेच एखादं सिमेंटचं दिसलं की तितकंच वाईट वाटेल. ‘परंपरा राखायला हवी होती यांनी.’ हे जरूर म्हणा, फक्त थोडं हळू. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री याच अल हौझ प्रांतात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. २,९०० हून अधिक माणसं गेली, त्यांतली कितीतरी झोपेत आपल्याच मातीच्या छपराखाली. बाराव्या शतकातली तिन्मेलची मशीदही बरीचशी कोसळली. रस्ते दरडींनी बंद होते, तेव्हा कित्येक गावांत पहिली मदत खेचरांवरून पोहोचली. (तुमची चकली नेणारं कदाचित त्यांतलंच एक.) त्यानंतरचे हिवाळे लोकांनी तंबूत काढले. माती चांगली की सिमेंट, हा वाद तिथं अजून चालू आहे आणि दोन्ही बाजूंना म्हणण्याजोगं पुष्कळ आहे: माती थंडीत ऊब देते, नीट बांधली तर टिकते, पण नीट बांधायला पैसा आणि गवंडी लागतो. १९९३ च्या किल्लारीनंतर आपल्याकडेही जाड दगडमातीच्या भिंतींवरून हेच झालं होतं. पण तुम्ही चौदाव्या मजल्यावर राहता, तुम्हाला मातीची आवड असणं स्वाभाविक आहे. गटातलं कुणीतरी ‘भेगा पडलेलं एखादं घर बघायला मिळेल का?’ असं विचारेलच. ते तुम्ही नसाल एवढी काळजी घ्या. तो विचारेल, तुम्ही मागून जा.

एखाद्या दिवशी वाटाड्या वर बोट दाखवून ‘अग्दाल’ म्हणेल. तुम्ही ते नवीन शिखर समजून फोटो काढाल. अग्दाल म्हणजे राखलेलं कुरण. ऊकाईमदेनचं कुरण १५ मार्चला बंद होतं ते १० ऑगस्टला उघडतं. मधल्या काळात एकही मेंढी आत जायची नाही, गवताला बी धरू द्यायचं. कुठल्या टोळीची जनावरं कुठून शिरतील हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे, आणि नियम मोडला तर दंड. आपल्याकडे हिवरे बाजारने चराईबंदी केली तर आपण बस भरभरून बघायला गेलो. इथं ती शतकानुशतकं चालू आहे आणि कुणी हिरव्या अक्षरांत छापलेली नाही. त्यामुळे ती जबाबदारीत धरत नाहीत. तुम्ही आपलं प्लास्टिकची बाटली घरून आणल्याचं सांगा. वाटाड्या मान डोलावेल, चांगला माणूस आहे.

त्यांच्यात ‘तिविझी’ही असते. एकाचं घर बांधायचं, दुसऱ्याची कापणी, सगळ्यांनी मिळून जायचं, पैसे नाहीत, जेवण घालायचं. तुमच्या आजोबांना सांगितलं असतंत तर ते म्हणाले असते, ‘म्हणजे इर्जिकच की!’ तुम्ही मात्र ‘वॉव, सो कम्युनिटी-बेस्ड’ म्हणा. गटात दिल्लीचे लोक असतात.

गालिच्याच्या बाबतीत कठोर राहा. बाई म्हणेल नऊशे दिऱ्हाम, तुम्ही तीनशेपासून सुरुवात करा. महिनाभर माग चालवला आहे वगैरे भूलथापांना बळी पडू नका. साडेतीनशेला सौदा झाला की परतीच्या विमानतळावर सँडविच आणि कॉफी घ्या, तिथं घासाघीस चालत नाही.

तुमची संकष्टी वाटेत आली तर मुळीच संकोचू नका. खजूर, अक्रोड, बदाम इथं मुबलक, सगळे उपासाला चालणारे. चंद्रोदय किती वाजता हे वाटाड्यालाच विचारा, डोंगराआडून उशिरा दिसतो. चुकून रमजानात गेलात तर तो आणि खेचरवाले पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेता तुमच्यासोबत खिंड चढतील, आणि दुपारी तुमच्यासाठी सतरंजी घालून टोमॅटो-काकडी चिरतील. त्यांना सांगा, आज माझाही उपास आहे. आणि अजून थोडे बदाम मागा.

शेवटची संध्याकाळ मात्र जरा जपून. गावाखाली शेतांच्या पायऱ्या, अक्रोडाची झाडं आणि मधून वाहणारा पाट, त्याला ते ‘तार्गा’ म्हणतात. एखादा म्हातारा फावड्याने मातीचा बांध फोडून पाणी आपल्या वाफ्यात घेत असेल. वाटाड्या सांगेल, आता याची पाळी, थोड्या वेळाने शेजाऱ्याची. पाळी ‘जमात’ ठरवते, म्हणजे गावकऱ्यांची सभा, आणि भांडण झालं तरी ते जमातीतच मिटतं. खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी असतो, तसंच थोडंफार. पण हे तुम्हाला आठवणार नाही, कारण तेवढ्यात तो सहज विचारेल, ‘तुमच्या गावी पाण्याची पाळी कोण ठरवतं?’

इथं तुमच्या डोळ्यांसमोर सोसायटीचा ग्रुप येईल. मे महिन्यातले सोळा टँकर, ‘बी विंगचे लोक गाड्या धुतात’ वरून झालेला राडा, सेक्रेटरीचा राजीनामा, आणि टँकर कुठल्या गावच्या विहिरीतून येतो हे कुणीच कधी विचारलं नाही ते.

घाई करू नका. चहाचा एक घोट घ्या. डोंगराकडे बघा आणि म्हणा, ‘काय सुंदर उजेड पडलाय!’ मग त्याला सांगा, खोलीतलं पाणी तापलं का ते जरा बघून ये.